रत्नाकराच्या पोटातले : खरे, मानलेले आणि राहिलेले दोन गुण

मंडळी, गेल्या वर्षीच्या उत्सवातली प्रश्नमंजूषा आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. विषय होता समुद्र. झाशीपासून सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे खंबातचे आखात, तेही सरळ रेषेत सातशे किलोमीटरवर. मुंबईचा समुद्र बघायचा तर गाडीने अकराशे किलोमीटरहून जास्त. अशा कोरड्या गावात समुद्राचा विषय कशाला, असे बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलेही. त्यावर दुसऱ्यांनी सांगितले की, अहो, आपली निम्मी मंडळी मूळची कोकणातली, आणि ज्या नेवाळकरांनी या झाशीवर राज्य केले ते घराणेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातलेच! विषय मंजूर झाला आणि प्रश्न काढण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

शेवटच्या फेरीत मी प्रश्न विचारला, "श्रीकृष्णाची द्वारका समुद्रात सापडली हे कोणत्या संस्थेने सिद्ध केले?" माझ्याकडच्या कागदावर उत्तर होते, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. प्रश्न मोबाईलवर आलेल्या एका मजकुरातून उचललेला होता, हे आज कबूल करतो. आपल्याच एका सहकाऱ्याचा आठवीतला मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "काका, सिद्ध झालेलं नाही. शोध घेतला आहे." सभागृहात हशा पिकला. मी शून्य दिले. दुसऱ्या गटाने संस्थेचे नाव सांगितले, त्यांना दोन गुण मिळाले. त्याच दोन गुणांनी हा मुलगा आणि त्याचा गट हरला.

आरतीनंतर प्रसाद घेताना त्याची आजी मला एवढेच म्हणाली, "भाऊ, मार्क गेले त्याचं काही नाही. पण पोरगं आता चारचौघांत उत्तर द्यायला घाबरेल." ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यात राहिले. मग मी वाचायला बसलो. समुद्रात काय काय सापडले, काय सापडले असे आपण मानतो आणि दोन्हीत फरक कसा करायचा, याचा हा वृत्तांत. इतिहासाचा मी पदवीधर नाही, डिप्लोमावाला रुळांचा माणूस आहे. चुकभूल द्यावी घ्यावी.

सापडलेल्या वस्तूची जागा

आमच्या खात्यात पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट शिकवतात. डबा रुळावरून उतरला की, तिथे पोचल्यावर जीव वाचवण्याचे काम आधी. त्यानंतर कशालाही हात लावण्यापूर्वी मोजमाप आणि फोटो. चाक रुळावर कुठे चढले, खाली कुठे पडले, तुटलेला तुकडा कोणत्या खांबापासून किती मीटरवर, कोणत्या बाजूला, कोणत्या दिशेला तोंड करून पडला आहे, सगळे लिहून घ्यायचे. सगळ्या खात्यांच्या पर्यवेक्षकांनी मिळून जॉइंट नोट करायची. कारण तोच तुकडा उचलून ऑफिसच्या टेबलावर ठेवला की ते नुसते लोखंड. तो अपघातामुळे तुटला की तो तुटल्यामुळे अपघात झाला, हे सांगण्यात त्याच्या जागेचाही मोठा वाटा असतो.

वाचता वाचता लक्षात आले की पुरातत्त्वाचा नियमही हाच आहे. वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, कशाच्या खाली सापडली ते महत्त्वाचे. जमिनीवर हे पाळणे सोपे. समुद्रात भरती-ओहोटी आहे, प्रवाह आहेत, गाळ आहे, जाळी आहेत. तिथे वस्तू आपली जागा सोडते, आणि जागा सुटली की गोष्टी जन्माला येतात. ही एक पट्टी हातात घेऊन आपण पुढे जाऊ.

चौदा रत्नांची यादी

सुरुवात अर्थातच समुद्रमंथनापासून. चौदा रत्ने आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत. पण महाभारताच्या आदिपर्वातल्या मंथनात यादी लहान आहे. चंद्र, श्री, सुरा, उच्चैःश्रवा, कौस्तुभ, अमृत घेतलेला धन्वंतरी, ऐरावत आणि कालकूट विष एवढ्यांचा उल्लेख ठळकपणे येतो. पुढच्या पुराणांत कामधेनू, पारिजात, शंख वगैरे येऊन यादी वाढते आणि पुराणागणिक बदलते. म्हणून कोणी मंथन खोटे म्हणत नाही, आणि खरे ठरवायला पाणबुडे पाठवत नाही. आपल्या लक्ष्मी तलावाकाठच्या महालक्ष्मीला हात जोडताना ती समुद्रकन्या आहे हे आपण मनात धरतो, तिच्या जन्माचा दाखला मागत नाही. इथून जवळच, ललितपूर जिल्ह्यात देवगडला गुप्तकाळातल्या दशावतार मंदिराच्या भिंतीवर शेषशायी विष्णू कोरला आहे. समुद्र कधी न पाहिलेल्या बुंदेलखंडात कुणा कारागिराने दगडातून क्षीरसागर उभा केला. ते शिल्प खरे आहे, त्यामागची श्रद्धा खरी आहे. एवढे पुरेसे आहे.

घोटाळा होतो तो पुराणातल्या गोष्टीला प्रयोगशाळेचा शिक्का मारायला गेलो की. उदाहरणार्थ वडवानल. समुद्राच्या तळाशी घोडीच्या मुखातून जळणारा अग्नी, अशी कल्पना. १९७७ साली गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर 'अॅल्विन' नावाच्या पाणबुडीतल्या शास्त्रज्ञांना तळातून गरम पाण्याचे झरे उसळताना दिसले, आणि सूर्यप्रकाशाशिवाय त्यांच्याभोवती जगणारी जीवसृष्टीही दिसली. झाले! "हाच आपला वडवानल" असे लेख आले. साम्य गमतीचे आहे, मनाला आनंद देणारे आहे. पण वडवानलाची कथा सांगणाऱ्यांनी तळ पाहिला होता, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आता याचीच दुसरी बाजू. २०२४ च्या डिसेंबरमध्ये चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आणि गोव्याचे ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र यांनी हिंदी महासागरात सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवर अशाच एका जिवंत झऱ्याचे चित्र घेतल्याचे जाहीर झाले. मानवरहित यंत्र खाली पाठवून, जागेवर जाऊन घेतलेले चित्र. यातल्या चेन्नईच्या संस्थेचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

अंबर, माकूळ आणि आंतरीचा मुक्काम

पुराणात तिमिंगिल नावाचा मासा आहे. तिमि म्हणजे अजस्र मासा, आणि त्यालाही गिळणारा तो तिमिंगिल. आम्ही लहानपणी ही थाप समजत होतो. पण देवमासा काही थाप नाही. जून २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्याला चाळीस फुटांहून लांब निळा देवमासा जिवंत लागला होता. त्याला परत पाण्यात लोटायचे प्रयत्न झाले, तो वाचला नाही. त्याच वर्षी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ अभ्यासकांना निळे देवमासे पोहताना दिसले. एवढा मोठा प्राणी पाहिलेल्या दर्यावर्द्याने घरी येऊन त्याच्याहून मोठ्याची गोष्ट सांगितली असेल, तर त्याला फार दोष देऊ नये.

देवमाशाच्या पोटातून येणारी एक वस्तू तर पुराणापेक्षा अजब आहे, ती म्हणजे अंबर. समुद्रावर तरंगत येणारा, राखाडी, मेणासारखा गोळा. सुगंध टिकवून धरण्यासाठी अत्तरवाले तो सोन्याच्या मोलाने घेत. हा येतो कुठून, याचा पत्ता शेकडो वर्षे लागला नव्हता. चिनी लोक त्याला ड्रॅगनच्या लाळेचा सुगंध म्हणत. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त त्याच्या उत्पत्तीविषयी चालू असलेली वेगवेगळी मते नोंदवून ठेवली आहेत. हाच अबुल फजल १६०२ साली दख्खनहून आग्र्याकडे परतत असताना ग्वाल्हेरजवळ आंतरीपाशी ओरछाच्या वीरसिंह देवाच्या माणसांकडून मारला गेला. त्याची कबर तिथेच आहे. ग्वाल्हेरकडे जाताना आपली गाडी आंतरी स्टेशनवरून जाते. आणि याच वीरसिंह देवाने १६१३ साली झाशीचा किल्ला बांधला. समुद्रातल्या अंबराचा धागा असा आपल्या सेक्शनपर्यंत येतो!

खरे उत्तर असे निघाले की, हा गोळा स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. हा प्राणी माकूळ खातो. माकुळाची पोपटाच्या चोचीसारखी कठीण चोच पचत नाही, तिच्याभोवती हा पदार्थ साचत जातो. अंबराच्या गोळ्यात या चोची सापडतात, आणि तोच त्याचा दाखला. इथे जागेचा नियम पुन्हा दिसतो. किनाऱ्यावर सापडलेला गोळा काहीही असू शकत होता. देवमासा चिरणाऱ्यांनी तो आतड्यात पाहिला तेव्हा वाद मिटला. आपल्याकडे स्पर्म व्हेल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, अंबर बाळगणे आणि विकणे गुन्हा आहे. वर्तमानपत्रात "व्हेलची उलटी जप्त" अशी बातमी येते ती हीच, आणि कोकणातून ती वरचेवर येते. वाळूत गोळा दिसला तर भाचे-पुतण्यांना तो वनखात्याला कळवायला सांगावे. माकुळाच्या राक्षसी जातीचेही तसेच. जहाजे ओढून नेणाऱ्या समुद्रराक्षसाच्या कथा युरोपातले खलाशी सांगत. तो महाकाय माकूळ जिवंतपणी खोल पाण्यात छायाचित्रात आला तो थेट २००४ साली, जपानी संशोधकांच्या कॅमेऱ्यात.

द्वारका : काय सापडले, काय नाही

आता मूळ दुखण्याकडे येतो. महाभारताच्या मौसलपर्वात यादवांच्या अंतानंतर समुद्राने द्वारका गिळली असे सांगितले आहे. लोथल उत्खननाचे डॉ. एस. आर. राव यांनी १९८० च्या दशकात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे द्वारका आणि बेट द्वारका येथे पाण्याखाली शोध सुरू केला. भारतात सागरी पुरातत्त्वाचा पाया याच कामाने घातला, ही मोठीच गोष्ट आहे. उथळ, गढूळ पाण्यात, लाटांच्या माऱ्यात पाणबुड्यांनी घडीव दगड, अर्धवर्तुळाकार बांधकामाचे अवशेष आणि शंभरावर दगडी नांगर शोधून त्यांच्या जागा नोंदवल्या. रावांचे मत असे की ही महाभारतातली द्वारकाच.

बेट द्वारकेला तर फार सुंदर वस्तू मिळाल्या. शंखाची एक मुद्रा आहे, तिच्यावर तीन डोक्यांचा प्राणी कोरला आहे. तिथली उत्तर-हडप्पा काळातली भांडी साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची धरतात. पुढच्या काळातल्या रोमन मद्यकुंभांचे तुकडेही तिथे मिळाले. म्हणजे त्या बेटावर फार पूर्वीपासून माणसे राहत होती, शंखाचे काम करत होती, दूरदेशांशी व्यापार करत होती, हे पक्के.

पण द्वारकेच्या किनाऱ्यासमोरच्या त्या दगडांचे वय काय? दगडाचे वय काढणे म्हणजे बांधकामाचे वय काढणे नव्हे, हे आपण पुलांवर काम करणारे सहज समजू शकतो. गर्डर ज्या खनिजाचा केला ते कोट्यवधी वर्षांचे असते, पूल मात्र इंग्रजांच्या काळातला असतो! त्याच संस्थेतल्या पुढच्या संशोधकांनी आणखी शोध घेऊन २००४ साली मांडले की हे अवशेष एका जुन्या बंदराचे आहेत आणि ते ऐतिहासिक काळातले दिसतात. दगडी नांगर अनेक शतके वापरात होते, त्यांच्यावरून फार मागे जाता येत नाही. २००७ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे काम केले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांचे पाणबुडे पुन्हा द्वारकेच्या पाण्यात उतरले. गोष्ट सिद्ध होऊन संपली असती, तर ते पुन्हा कशाला उतरले असते?

आता खंबातचे प्रकरण पाहा. मे २००१ मध्ये केंद्र सरकारतर्फे जाहीर झाले की खंबातच्या आखातात किनाऱ्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर, तीसचाळीस मीटर खोलीवर बुडालेल्या नगराच्या खुणा दिसल्या आहेत. चेन्नईच्या त्याच समुद्र तंत्रज्ञान संस्थेची जहाजे तिथे प्रदूषणाच्या पाहणीसाठी गेली होती. ध्वनिलहरींनी घेतलेल्या तळाच्या प्रतिमांत चौकोनी आकार उमटले. मग तळ खरवडून वस्तू वर आणल्या, त्यातल्या एका लाकडाच्या तुकड्याचे वय साडेनऊ हजार वर्षे निघाले. बातमी जगभर गेली. पण जाणकारांनी लगेच विचारले, लाकूड साडेनऊ हजार वर्षांचे असेल, ते त्या नगराचे कशावरून? खंबातच्या भरतीचा जोर साऱ्या देशात नावाजलेला, त्यात नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या वरून गाळ आणि लाकूड आणून ओततात. तुकडा खरवडून वर आला त्या क्षणी त्याची जागा गेली. म्हणजे जॉइंट नोट न करताच तुकडा उचलून टेबलावर ठेवला, असे झाले! लाकूड खोटे नव्हते, तपासणी खोटी नव्हती. फक्त जागा नव्हती. त्याच संस्थेने २०२४ मध्ये कॅमेरा जागेवर नेला तेव्हा तिचे चित्र जगाने निमूटपणे मान्य केले. माणसे वाईट-चांगली नसतात, पद्धत असते किंवा नसते.

विजयदुर्गची भिंत

हे झाले गुजरातचे. आपल्या कोकणात विजयदुर्गाजवळ पाण्याखाली भिंत आहे, आणि किल्ल्यावर चालून आलेली शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून बुडाली, असे आपण सगळेच सांगत आलो आहोत. मीही माझ्या मुलीला सांगितले आहे, तेही हातवारे करून. किल्ल्यासमोर पाण्याखाली भिंतीसारखी दगडांची लांब रांग पाणबुड्यांनी पाहिली आहे, ती कल्पना नाही. ती कोणी आणि केव्हा रचली, यावर अभ्यासकांत एकमत नाही. जांभ्या दगडाचे कालमापन करणे हे द्वारकेइतकेच अवघड काम.

पण या भिंतीच्या गोष्टीखाली एक पक्की नोंद दबली जाते. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमाराचा प्रमुख वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा त्यांची जहाजे बंदरात शिरली होती. तोफांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार तिथेच जळून गेले. आणि त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने होते. कान्होजींनी उभारलेले सागरी बळ आपल्याच भाऊबंदकीत संपले, आणि तळाशी गेले. विजयदुर्गच्या पाण्यात शोधायचेच असेल तर त्या आरमाराच्या जळक्या फळ्या शोधाव्यात. अदृश्य भिंतीने शत्रूला बुडवल्याची गोष्ट सांगताना छाती फुगते, ही नोंद वाचताना मान खाली जाते. तरीही मुलांना दोन्ही सांगायला हव्यात.

मुंबईचे सोने आणि बाबा आदमच्या जमान्यातला रुपया

समुद्राच्या पोटातली खरी रत्ने म्हणाल तर ती विसाव्या शतकातली आहेत, आणि त्यांचा माग मुंबईला निघतो. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. आत कापूस, स्फोटके आणि सोन्याच्या १२४ विटा! दोन प्रचंड स्फोट झाले, गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, शेकडो माणसे मेली. सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्याची नोंद झाली. सोन्याची एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली. त्यांनी ती परत केली. आणखी विटा गोदीचा गाळ काढताना पुढे कित्येक वर्षे सापडत राहिल्या. इथे बघा, विटेची किंमत सोनार सांगेल, पण स्फोटाचा जोर सांगितला तो तिच्या पडण्याच्या जागेने. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान गेले. दरवर्षी एप्रिलच्या १४ तारखेपासून आपल्या कार्यालयांत अग्निशमन सप्ताह पाळतात, बिल्ले लावतात, तो त्यांच्यासाठी.

त्याआधी दोन वर्षे, ऑक्टोबर १९४२ मध्ये मुंबईहून 'सिटी ऑफ कैरो' हे जहाज इंग्लंडला निघाले. त्यात माणसांबरोबर सुमारे शंभर टन चांदीचे रुपये होते. युद्धाच्या खर्चासाठी ब्रिटिश सरकारने मागवलेले. राणीछाप, राजाछाप, आपल्या आज्यांनी पदराच्या गाठीला बांधले तेच रुपये. ६ नोव्हेंबरच्या रात्री दक्षिण अटलांटिकमध्ये, सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला, एका जर्मन पाणबुडीने ते बुडवले. १०४ माणसे गेली. बुडताना फार थोडी गेली, बहुतेक नंतर उघड्या होड्यांत, तहानेने आणि उन्हाने. मदत मिळायला काहींना आठवडे लागले. एका होडीतली वाचलेली दोन माणसे तर ५१ दिवसांनी ब्राझीलजवळ सापडली. खलाशांत हिंदुस्थानी माणसे पुष्कळ होती.

सत्तर वर्षांनी एका कंपनीने ५,१५० मीटर खोलीवरून, म्हणजे टायटॅनिकपेक्षाही बऱ्याच खालून, ते रुपये यंत्राने वर काढले. २०१५ साली बातमी जाहीर झाली. त्यातले बहुतेक रुपये वितळवून चांदीच्या भावाने विकले गेले. मला ते वाचून वाईट वाटले. दिवाळीला लक्ष्मीपूजनात आमच्याकडे आजीचा एक रुपया ठेवतात. त्याच्या कडा झिजल्या आहेत, पण तो कुठून आला ते घरात सगळ्यांना माहीत आहे. तो वितळवला तर अकराबारा ग्रॅम धातू हातात येईल.

त्याच नोव्हेंबरात मुंबईहून आफ्रिकेला निघालेले 'तिलावा' २३ तारखेला अरबी समुद्रात जपानी पाणबुडीने बुडवले. ९५८ जणांपैकी २८० गेले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना 'बर्मिंगहॅम' या ब्रिटिश युद्धनौकेने उचलून २७ तारखेला मुंबईत आणले. त्या जहाजावर दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. २०१७ मध्ये त्या सगळ्या वर काढल्या गेल्या आणि त्यांच्यावरचा खटला लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. एकेका लगडीचा हिशेब लागला. गेलेल्या माणसांसाठी मुंबईत स्मरणाचा कार्यक्रम झाला तो २०२२ मध्ये, ऐंशी वर्षांनी, तोही त्यांच्या नातवंडांनी धरून लावल्यामुळे. समुद्र चांदी परत देतो. माणसांच्या नोंदी आपल्यालाच ठेवाव्या लागतात.

शेवटी दोन गुण

आपण दर अनंत चतुर्दशीला पाण्यात मूर्ती सोडतो. शाडूची असेल तर दोन दिवसांत मातीला माती मिळते, कोणाला काही सापडू नये अशीच ती घडवलेली असते. प्लास्टरची असेल तर पुढच्या आठवड्यात तलावाकाठी हात, सोंड, मुकुट सापडतात, आणि तिथून जाताना आपण मान वळवतो. विरघळायला हवे ते विरघळू द्यावे, जपायला हवे ते जागेसकट जपावे. या वर्षी शाडूचीच मूर्ती आणायचे समितीने ठरवले आहे, त्याबद्दल समितीचे आभार.

आता राहिलेले काम. गेल्या वर्षीचा माझा प्रश्न चुकीचा होता. उत्तर कोणते बरोबर हे ठरवण्याआधी, प्रश्नातला 'सिद्ध' हा शब्द मी तपासायला हवा होता. ज्या गटाने संस्थेचे नाव सांगितले त्यांचे गुण काढून घेण्याचे कारण नाही, त्यांनी विचारले त्याचे उत्तर दिले. पण "सिद्ध झालेलं नाही, शोध घेतला आहे" हे त्या मुलाचे उत्तर त्या दिवशी सभागृहातले सगळ्यात अचूक वाक्य होते. आपण मोठे हसलो, त्यात मीही होतो. माझी समितीला जाहीर विनंती आहे की त्याच्या गटाला दोन गुण द्यावेत आणि दोन्ही गट संयुक्त विजेते धरावेत. दुसऱ्या ढालीचा खर्च माझ्याकडे.

आणि त्या मुलाला सांगणे एवढेच. बाळा, या वर्षीही पहिल्या रांगेत बस. प्रश्न मीच काढणार आहे, पण या खेपेला एकेक उत्तर जागेवर जाऊन तपासून. तरीही चूक सापडली तर हात वर कर. सभागृह हसले तरी हात खाली घेऊ नकोस.

गणपती बाप्पा मोरया!